नाडीवरचें नवें वाङ्मय

मराठी भाषेनें हृदयाचा विचार बहुधा भीतीच्या अंगानें केलेला आहे. वाईट बातमी आली कीं काळजाचा ठोका चुकतो, अंधारांत पाऊल घसरलें कीं काळजांत धस्स होतें, आणि संकट टळलें म्हणजे जीव भांड्यांत पडतो. ठोका चुकणें म्हणजे कांहीं तरी अनिष्ट घडणें, हा अर्थ आपल्या बोलण्यांत इतका मुरला आहे कीं निरोगी हृदय म्हणजे एकसारखें चालणारें हृदय, ही समजूत आपण कधीं तपासूनच पाहिलेली नाहीं. आम्ही ज्या माधवनगरांत राहतों तेथें तर या समजुतीला रोजचा पुरावा मिळतो. यंत्रमागाचा खटका एका लयींत पडत असला तर माग ठीक. त्यांत अंतर पडूं लागलें कीं कारागीर मान न वळवितांहि ओळखतो कीं धागा तुटला किंवा कांहीं तरी सैल झालें. ज्याची हयात या आवाजांत गेली त्याला हृदय हा छातींतील एक मागच वाटला तर त्यांत नवल नाहीं.

या समजुतीला छेद देणारें एक शास्त्र गेल्या साठ वर्षांत वाढलें आहे. हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतरें सारखीं नसतात, आणि निरोगी माणसांत तीं तशीं सारखीं असूंहि नयेत, हें त्या शास्त्राचें मुख्य सांगणें आहे. या विषयावर अलीकडे मराठींतहि पुष्कळ लिहिलें जाऊं लागलें आहे. आरोग्यविषयक पुस्तिका, योगावरील लेख, मनगटी यंत्रांचीं माहितीपत्रकें, व्याख्यानें अशा अनेक रूपांनीं तें वाचकापुढें येतें. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत या लिखाणाचें परीक्षण कां, असें कोणी विचारील. त्याला आमचें उत्तर असें कीं, जें मराठींत छापलें जातें आणि ज्यावर विसंबून मराठी वाचक आपल्या वागणुकींत फरक करतो, तें वाङ्मय टीकेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. कादंबरी फसली तर वाचकाची एक दुपार फुकट जाते. या लिखाणांत चूक झाली तर काय होतें तें पुढें दिसेलच.

प्रथम नांवाचा प्रश्न. सध्यां या विषयाला 'हृदयगती परिवर्तनशीलता' असें भारदस्त नांव दिलेलें आढळतें. शब्दाला शब्द ठेवून केलेलें हें नांव वाचकाला फसवितें. 'परिवर्तनशील' म्हटलें कीं आपल्या मनांत संसाराची क्षणभंगुरता येते. शिवाय बदलते ती हृदयाची गति, म्हणजे मिनिटाचे ठोके सत्तरांवरून नव्वदांवर जातात, असा समज होतो. येथें मोजावयाचें असतें तें निराळेंच. मिनिटाला बरोबर ६० ठोके पडत असले तरी प्रत्येक ठोका सेकंदाच्या कांट्यावर पडत नाहीं. एक अंतर ०.९४ सेकंदाचें असतें, पुढचें १.०३ चें, त्यापुढचें १.०६ चें. सरासरी तीच, परंतु अंतरा-अंतरांत भेद. या लेखांत आम्ही त्याला साधा 'अंतरभेद' म्हणणार आहों. याहून चांगला शब्द कोणी सुचविल्यास आम्हांला आनंदच होईल. पण वाचकाला काय मोजलें जातें तें त्या शब्दावरून कळलें पाहिजे, एवढी आमची अट आहे.

या भेदाचें मूळ कोणालाहि आपल्या बोटांनीं पडताळून पाहतां येतें. स्वस्थ बसून अंगठ्याच्या मुळाशीं नाडीवर बोटें ठेवावीं आणि सावकाश खोल श्वास घ्यावा व सोडावा. श्वास आंत घेतांना ठोके किंचित् जवळजवळ येतात, सोडतांना ते लांबतात. लहान मुलांत व तरुणांत हा फरक चांगला जाणवतो, वयोमानाप्रमाणें तो क्षीण होत जातो. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्यानें १७३३ सालीं घोड्याच्या रक्तवाहिनींत नळी बसवून रक्तदाब मोजला, तेव्हां श्वासाबरोबर दाबांत व नाडींत होणारा फेरफार त्याच्या ध्यानांत आला. १८४७ सालीं कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञानें फिरत्या पिंपावर रेघ ओढणाऱ्या यंत्रानें तो फेरफार कागदावर उमटविला. मेंदूच्या तळापासून निघून हृदयापर्यंत येणाऱ्या व्हेगस नांवाच्या मज्जातंतूचें काम हृदयाला आवरून धरण्याचें आहे. श्वास घेतांना तो लगाम सैल होतो, सोडतांना पुन्हां ओढला जातो. रक्तदाब वर-खालीं झाला म्हणजेहि याच मार्गानें हृदयाला सूचना मिळते. सारांश, अंतरभेद म्हणजे हृदयावर शरीराचें लक्ष असल्याची खूण. दुसऱ्याचें हृदय बसविलेल्या रोग्यांत हे मज्जातंतु तुटलेले असतात. त्या हृदयाचे ठोके विश्रांतींतहि जलद, आणि जवळजवळ मागाच्या खटक्यासारखे एकसारखे पडतात. आमच्या गांवाला जें निरोगीपणाचें लक्षण वाटतें तें हृदयाच्या बाबतींत संबंध तुटल्याचें लक्षण असूं शकतें, हें या शास्त्राचें पहिलें व पक्कें फळ होय.

याचा उपयोग प्रथम प्रसूतिगृहांत दिसला. हॉन व ली या दोघांनीं १९६० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, गर्भ संकटांत सांपडला असतां त्याच्या ठोक्यांची संख्या बदलण्याआधींच अंतरांतील भेद बदलूं लागतो. त्यानंतर मधुमेहाच्या रोग्यांकडे लक्ष गेलें. या रोगांत कालांतरानें हृदयाकडे जाणारे मज्जातंतु झिजतात, आणि रोग्याला त्याचा पत्ता नसतो. एडिंबरोचे युइंग व त्यांचे सहकारी यांनीं यासाठीं खाटेजवळच करतां येतील अशा सोप्या कसोट्या बसविल्या. त्यांपैकीं एक अशी कीं, रोग्याला मिनिटांत सहा वेळां खोल श्वास घ्यावयास लावावें आणि हृदयालेखावरून सर्वांत जलद व सर्वांत मंद गतींतील फरक पाहावा. तो मिनिटाला १५ ठोक्यांहून अधिक असला तर ठीक, १० किंवा त्याहून कमी असला तर शंकेस जागा. ज्या महाराष्ट्रांत आतां घरोघर मधुमेह आहे तेथें ही कसोटी प्रत्येक वाचकाला माहीत असावयास हवी. पण आम्हीं चाळलेल्या मराठी लिखाणांत तिचा उल्लेख क्वचितच आढळला. तें लिखाण दुसऱ्याच एका आंकड्याच्या मागें लागलेलें आहे.

तो आंकडा म्हणजे ५०. त्याची उत्पत्ति नीट समजून घेण्याजोगी आहे. १९८७ सालीं अमेरिकेंत क्लायगर व त्यांचे सहकारी यांनीं हृदयविकाराच्या झटक्यांतून वांचलेल्या ८०८ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटक्यानंतर थोड्याच दिवसांनीं या रोग्यांच्या अंगावर चोवीस तास हृदयालेख यंत्र बांधून ठेवलें होतें, आणि त्या सबंध दिवसरात्रींतील सर्व अंतरांचें प्रमाण-विचलन काढलें होतें. पुढें सरासरी ३१ महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलें. ज्यांचें विचलन सेकंदाच्या ५० सहस्रांशांहून कमी होतें त्यांच्यांतील मृत्यूचें प्रमाण १०० सहस्रांशांहून अधिक असणाऱ्यांच्या ५.३ पट निघालें. निष्कर्ष महत्त्वाचा होता आणि पुढील संशोधनाला त्यानें दिशा दिली. १९९६ सालीं युरोपांतील व उत्तर अमेरिकेंतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनीं एकत्र बसून या मोजणीचे नियम ठरविले. चोवीस तासांची मोजणी वेगळी, पांच मिनिटांची मोजणी वेगळी, एकीचा आंकडा दुसरीच्या आंकड्याशीं ताडून पाहूं नये, असें त्या नियमांत स्पष्ट सांगितलेलें आहे.

आतां या आंकड्याचें मराठींत काय झालें तें पाहा. आमच्या माधवनगरांतील एक गृहस्थ, वय सत्तरीच्या पलीकडे, सारें आयुष्य मागावर काढलेले. चालतांना छातींत कळ येते म्हणून मिरजेच्या एका डॉक्टरांनीं त्यांना ठोके मंद करणारी गोळी बरींच वर्षें चालू ठेवलेली. परगांवीं नोकरीस असलेल्या मुलानें कौतुकानें मनगटावर बांधावयाचें यंत्र धाडलें. त्यांत रोज सकाळीं रात्रीच्या झोपेंतील अंतरभेदाचा एक आंकडा दिसे. तो बहुधा १८ ते २२ यांच्या दरम्यान असे. पुढें त्यांच्या हातीं एक मराठी पुस्तिका आली. पुस्तिकेचें नांव आम्ही देत नाहीं, कारण तोच दोष त्या जातीच्या अनेक लेखनांत आहे आणि एकटीलाच सुळावर देणें न्यायाचें होणार नाहीं. तींत ठळक अक्षरांत छापलें होतें कीं, अंतरभेद पन्नासाच्या खालीं असणाऱ्याला मृत्यूचा धोका पांचपट असतो. आणि पुढच्याच पानावर म्हटलें होतें कीं, औषधें हृदयाला बधिर करतात, तर संथ श्वसनानें हा आंकडा हटकून वाढतो.

गृहस्थांनीं वाचलें तें खरें धरलें. छापील अक्षरावर विश्वास ठेवणाऱ्या पिढींतले ते. त्यांनीं गोळी बंद केली आणि पहांटे उठून यंत्राकडे पाहत संथ श्वसन आरंभिलें. आंकडा खरोखरच वाढला. श्वसन चालू असतां तो साठांच्या वर जाई. त्यांनीं तो आम्हांला मोठ्या समाधानानें दाखविला, आणि आम्हींहि, सांगावयास लाज वाटते, त्यांचें अभिनंदन केलें. दहा-बारा दिवसांनीं एका रात्रीं त्यांना असह्य कळ आली व मिरजेस न्यावें लागलें. ते वांचले. गंमत म्हणावी कीं दुर्दैव, त्या रात्रीचा यंत्रावरचा आंकडा त्यांच्या आजवरच्या सर्व रात्रींत मोठा होता. कारण त्या रात्रीं हृदयाचे ठोके अवेळीं पडत होते, आणि अवेळीं पडलेला प्रत्येक ठोका अंतरांत भेद वाढवितो. यंत्राला भेद तेवढा मोजतां येतो, तो निकोप कीं रोगट तें त्याला कळेलच असें नाहीं.

या एका प्रसंगांत पुस्तिकाकाराच्या चार चुका एकत्र आल्या आहेत. ८०८ रोग्यांचा आंकडा चोवीस तासांच्या सर्व अंतरांवरून काढलेला होता; मनगटी यंत्राचा आंकडा बहुधा झोपेंतील लगतच्या अंतरांच्या फरकांवरून काढलेला असतो, आणि सत्तरीच्या माणसांत तो पन्नासाच्या पुष्कळ खालीं असणें यांत कांहींच वावगें नाहीं. दोहोंना सेकंदाचे सहस्रांश हें एकच माप आहे, एवढ्यावरून ते एक ठरत नाहींत. गव्हाचें पोतें आणि कापसाचें पोतें दोन्ही किलोंतच मोजलीं जातात. ही पहिली चूक. दुसरी अशी कीं, तो अभ्यास झटक्यांतून नुकत्याच उठलेल्या रोग्यांचा होता, चालत्याफिरत्या वाचकांचा नव्हता. तिसरी, ज्यांचा आंकडा कमी ते अधिक मेले यावरून, आंकडा वाढविला म्हणजे मरण टळतें असें निघत नाहीं. ताप हें रोगाचें चिन्ह आहे म्हणून थर्मामीटर थंड पाण्यांत बुडविल्यानें रोग जात नाहीं. चौथी व सर्वांत घातक, औषधाविषयीं केलेलें बेजबाबदार विधान. छातींतील कळेवर दिलेली अशी गोळी एकाएकीं बंद करणें धोक्याचें असतें, ही वैद्यकांतील जुनी व सर्वमान्य गोष्ट आहे. जुन्या ग्रंथांतील अर्धा श्लोक तोडून आपल्या सोयीचा अर्थ लावणाऱ्या शास्त्र्यांवर आपल्याकडील टीकाकारांनीं पूर्वीं कोरडे ओढले आहेत. संदर्भावेगळा आंकडा छापणें हा त्याच जातीचा अपराध आहे. फरक इतकाच कीं आंकडा श्लोकापेक्षां अधिक खरा दिसतो.

दुसरी एक प्रवृत्ति या लिखाणांत सार्वत्रिक आहे. हें सारें आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें, असें सांगण्याची. आधार म्हणून शार्ङ्गधरसंहितेंतील नाडीपरीक्षेचा अध्याय पुढें केला जातो. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षा नाहीं. शार्ङ्गधरापासून ती वैद्यकग्रंथांत ठळकपणें येते. त्याचा तो अध्याय वाङ्मय म्हणूनहि वाचनीय आहे. वाताच्या नाडीला त्यानें सर्पाची व जळूची चाल दिली आहे, पित्ताच्या नाडीला कावळ्याची व बेडकाची, कफाच्या नाडीला हंसाची व पारव्याची. भुकेल्याची नाडी चपळ असते, तृप्ताची स्थिर. काम व क्रोध यांनीं ती वेगानें धांवते, चिंता व भय यांनीं क्षीण होते. हा निरीक्षक बोटाखालीं ठोके मोजीत नव्हता, चाल पाहत होता, आणि त्या चालीचें वर्णन त्यानें अशा प्राण्यांवरून केलें आहे कीं शेतांत व पाणवठ्यावर वावरणाऱ्या कोणालाहि तें तत्काळ समजावें. शास्त्रीय लिखाणांत उपमा कशी योजावी याचा हा एक आदर्शच आहे.

परंतु याच अध्यायांत निरोगी माणसाची नाडी स्थिर व बलवान असते असें सांगितलें आहे, आणि जी थांबून थांबून चालते ती प्राणघातक, असेंहि म्हटलें आहे. म्हणजे ज्या तत्त्वासाठीं शार्ङ्गधराची साक्ष काढली जाते, कीं निरोगीपणांत भेद असतो, तें तत्त्व त्याच्या शब्दांत तरी नाहीं; शब्दशः घेतल्यास त्याचें म्हणणें उलटच भासतें. 'स्थिर' याचा अर्थ एकसारखी असा न घेतां न डळमळणारी असा घेतां येईल, आणि आम्हांला तोच अधिक योग्य वाटतो. पण अर्थ कोणताहि घ्या, शार्ङ्गधर बोटाला जाणवणाऱ्या चालीविषयीं बोलतो आणि नवें शास्त्र सेकंदाच्या सहस्रांशांविषयीं. दोघांचें कौतुक वेगवेगळें करावें. एकाच्या तोंडीं दुसऱ्याचें वाक्य घातल्यानें शार्ङ्गधर मोठा होत नाहीं, उलट त्यानें जें खरोखर पाहिलें तें झांकलें जातें.

पूर्वजांचा अभिमानच बाळगावयाचा तर त्यासाठीं आपल्याजवळ एक जवळचें व अधिक शिकविणारें उदाहरण आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें आणि त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें त्रैमासिक काढलें. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेंत तपासून पाहावयाच्या, हा त्यांचा संकल्प होता. क्ष-किरण, रक्तदाब मोजण्याचें यंत्र, श्वासांतील वायूंचें पृथक्करण हीं साधनें त्यांनीं आसनें व प्राणायाम यांना लावलीं. प्राणायामानें शरीरांत प्राणवायूचा मोठा सांठा होतो, ही समजूत तेव्हां सर्वत्र होती आणि योगाच्या प्रचाराला ती फार सोयीची होती. कुवलयानंदांनीं ती मोजली, आणि ती टिकत नाहीं असें आपल्या लिखाणांत स्पष्ट मांडलें. १९३१ सालीं निघालेल्या त्यांच्या प्राणायामावरील पुस्तकांत भर प्राणवायूवर नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामावर आहे. प्राणायामावरील त्यांची श्रद्धा यत्किंचितहि कमी झाली नव्हती. पण श्रद्धेच्या पोटीं चुकीचें कारण पोसण्यास ते तयार नव्हते. आमच्या मतें हें त्या लिखाणाचें सर्वांत मोठें वाङ्मयीन मूल्य होय.

असाच धडा हृदय थांबविण्याच्या कथेंतहि आहे. योगी आपलें हृदय इच्छेनें थांबवितात, ही कीर्ति जुनी. १९३५ सालीं तेरेझ ब्रोस या फ्रेंच विदुषीनें हिंदुस्थानांत येऊन योग्यांचे हृदयालेख घेतले आणि त्या कीर्तीला कांहीं आधार दिला. पुढें वेंगर, बागची व दिल्लीचे आनंद या तिघांनीं अधिक काळजीपूर्वक प्रयोग करून १९६१ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. श्वास कोंडून छाती व पोट यांचे स्नायु आवळले असतां हृदयाकडे परत येणारें रक्त घटतें. मनगटाची नाडी लागेनाशी होते, छातीवरचा आवाजहि ऐकूं येईनासा होतो. परंतु हृदयालेखावर ठोके चालूच असतात. मनगटावर जें सांपडतें तें सर्वस्वीं हृदयांत जें घडतें तेंच नव्हे, हें येथें दिसून आलें. आजचें मनगटी यंत्रहि त्वचेखालील रक्ताची लाट प्रकाशानें पाहतें. हृदयाची विद्युत् पाहत नाहीं. माणूस निजलेला असतां दोहोंचा मेळ बराच बसतो, हात हलूं लागला कीं तो बिघडतो. माहितीपत्रकांत हें सांगितलेलें असतें, पण बहुधा भिंगानें वाचावें लागेल इतक्या बारीक टाइपांत.

मग संथ श्वसन व योग यांनीं अंतरभेद वाढतो हें खोटें काय? खोटें नाहीं, पण त्याला दोन बाजू आहेत. २००१ सालीं बर्नार्डी व त्यांचे सहकारी यांनीं इटलींत २३ निरोगी माणसांकडून लॅटिन जपमाळ व 'ओम् मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही जपांत श्वास मिनिटाला सुमारें सहापर्यंत उतरला, आणि त्याबरोबर हृदयाच्या व रक्तदाबाच्या लहरी एकमेकींशीं जुळून मोठ्या झाल्या. रक्तदाब सांवरणाऱ्या यंत्रणेची स्वाभाविक लहरहि मिनिटाला सुमारें सहाच असते. झोक्याला त्याच्याच लयींत हात लावला म्हणजे तो उंच जातो, तसें हें आहे. दोन दूरच्या धर्मांतील जप एकाच लयीवर येऊन ठेपावे, ही गोष्ट मोठी मनोहर आहे आणि तिच्यावर सुंदर निबंध होऊं शकेल. परंतु झोका उंच गेला म्हणून झाडाची फांदी बळकट झाली असें होत नाहीं. श्वसन चालू असतांना वाढलेला आंकडा त्या श्वसनाचा आंकडा आहे. आमच्या गृहस्थांना पहांटे दिसलेला साठांचा आंकडा हाच होता. दिवसाच्या इतर वेळीं, महिन्यांनंतर, श्वासाकडे लक्ष नसतां तो वाढलेला राहतो कीं नाहीं, हा खरा प्रश्न. २०१५ सालीं पोसाड्झ्की व सहकारी यांनीं योग व अंतरभेद यांविषयींच्या १४ प्रयोगांचें एकत्र परीक्षण केलें, आणि बहुतेकांची रचनाच सदोष असल्यामुळें खात्रीलायक पुरावा अद्याप नाहीं असा निर्णय दिला. योग निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. कुवलयानंदांचें काम अपुरें राहिलें आहे असा अर्थ आहे.

तीच गोष्ट लहरींच्या पृथक्करणाची. अंतरभेदांत संथ व जलद अशा लहरी वेगळ्या काढून, संथ लहरी म्हणजे शरीराची ताण देणारी शक्ति आणि जलद म्हणजे विसावा देणारी, असें समीकरण मांडून दोहोंच्या गुणोत्तराला 'मनाचा समतोल' म्हणण्याची पद्धत पडली आहे. १९९७ सालीं एकबर्ग यांनीं या समीकरणावर कठोर टीका केली, आणि त्यानंतर तज्ज्ञांत तें कोणी निःशंकपणें वापरीत नाहीं. ज्याचा श्वास मिनिटाला सहा असतो त्याच्या श्वासाची लहरच संथ गटांत जाऊन पडते; मग शांत बसून जप करणारा मनुष्य या गुणोत्तराप्रमाणें अत्यंत ताणांत ठरतो! एवढ्या एका विसंगतीनें लेखकांनीं थबकावयास हवें होतें. मराठी पुस्तिका मात्र समतोलाचें तें चित्र अजूनहि रंगीत छापतात.

या विषयावरील लिखाण खरें उपयुक्त व्हावयाचें तर त्याच्या कांहीं निश्चित जागा आहेत. मधुमेही रोग्याची खाटेजवळची कसोटी आम्हीं वर सांगितलीच. दुसरी जागा अपुऱ्या दिवसांच्या बालकांची. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगांत जन्मतः अत्यंत कमी वजनाचीं ३००३ बालकें होतीं. त्यांपैकीं निम्म्यांच्या अंतरभेदांतील बदल डॉक्टरांना सतत दिसेल अशी व्यवस्था केली, निम्म्यांच्या बाबतींत केली नाहीं. जेथें तो दिसत होता तेथें मृत्यूचें प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ८.१ टक्क्यांवर आलें. जंतुदोषाची चाहूल आंकड्यांत आधीं लागते आणि उपचार लौकर होतो. ज्यांना बोलतां येत नाहीं त्यांच्या वतीनें नाडीनें दिलेली ही साक्ष आहे, आणि या शास्त्राच्या सर्व फळांत आम्हांला ती सर्वांत मोलाची वाटते. यावर कोणी मराठींत दहा पानें नीट लिहील तर तीं पुस्तिकांच्या ढिगाहून अधिक कामाचीं होतील. तिसरी जागा व्यायामपटूंची. रोज सकाळीं एकाच वेळीं, एकाच स्थितींत घेतलेल्या आपल्याच आंकड्यांवरून कालच्या श्रमांतून शरीर सांवरलें कीं नाहीं याचा अंदाज त्यांना घेतां येतो. आपलेंच कालचें माप आजच्या मापाशीं ताडावें, शेजाऱ्याच्या मापाशीं नव्हे, हें सूत्र तेथें आपोआप पाळलें जातें, आणि सामान्य वाचकालाहि तेंच हितकर आहे. ज्याचे ठोके अवेळीं पडतात, ज्याला हृदयाचें औषध चालू आहे, त्यानें मात्र यंत्राच्या आंकड्याचा अर्थ स्वतः लावूं नये. तो डॉक्टरांस दाखवावा आणि त्यावरून गोळी कमी किंवा बंद करूं नये. प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हें एवढें तरी छापलेलें असावें.

मिरजेस तंबोरे करणाऱ्यांचीं घराणीं आहेत. जवारी लावतांना कारागीर घोडीच्या माथ्यावर तारेखालीं सुताचा धागा इतक्या बारकाईनें सरकवितो कीं एकच स्वर जिवंत होऊन झंकारूं लागतो. तो धागा नेमका कोठें ठेवावा याचें कोष्टक त्याच्याजवळ नसतें; प्रत्येक वाद्याजवळ कान नेऊन तो तें ठरवितो. अंतरभेदाचा आंकडा वाचणाऱ्या वैद्याकडून आणि त्याविषयीं लिहिणाऱ्या लेखकाकडून आमची अपेक्षा याहून निराळी नाहीं. कोणाचा आंकडा, किती वेळाचा, कोणत्या स्थितींत घेतलेला, श्वास कसा होता, वय काय, औषध कोणतें, हे प्रश्न प्रत्येक वेळीं विचारले पाहिजेत आणि वाचकालाहि विचारावयास शिकविलें पाहिजेत.

आमचे गृहस्थ आतां बरे आहेत. गोळी चालू आहे. संथ श्वसनहि चालू आहे, कारण त्यानें त्यांना बरें वाटतें आणि डॉक्टरांनीं त्यास हरकत घेतलेली नाहीं. मनगटी यंत्र त्यांनीं मुलाला परत केलें. ती पुस्तिका मात्र त्यांनीं आमच्याकडे आणून दिली आणि म्हणाले, "तुम्ही लिहितां ना? मग हिच्याबद्दल लिहा." आम्हीं तिचें कौतुक करून त्यांना एकदां चुकीच्या वाटेला लावलें होतें. त्याची ही उशिरां केलेली भरपाई आहे.